परदेशी तेलक्षेत्रांतला सरकारी पैसा: ओएनजीसी विदेशच्या सहा दशकांवरून काय दिसते

प्रश्न असा विचारला गेला आहे: भारत सरकारच्या मालकीच्या कंपन्या परदेशांतील तेल आणि वायूच्या क्षेत्रांत हिस्से विकत घेतात, त्यावर हजारो कोटी रुपये खर्च होतात, तरीही देशाची तेलआयात कमी झालेली दिसत नाही आणि मोठे सौदे शेवटी चिनी सरकारी कंपन्यांच्याच पदरात पडतात, मग या खटाटोपाचा सामान्य नागरिकाला उपयोग काय, आणि आपण नेमके कुठे कमी पडतो?

तेलक्षेत्रांतील हिस्स्यांचे मूल्यमापन आणि संयुक्त उपक्रमांचे करार याच कामात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो. माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. परदेशातील क्षेत्रात हिस्सा मिळाला म्हणजे तेवढे तेल देशाच्या वाट्याला आले, असे समजणे चुकीचे आहे. तो एक जोखमीचा व्यवसाय आहे आणि त्याची पारख व्यवसाय म्हणूनच व्हायला हवी. मागे सरकार असल्यामुळे अशा कंपनीला काही देशांची दारे सहज उघडतात, हे खरे आहे. पण आत गेल्यावर क्षेत्र चालवण्याची, भाव कोसळला तर सावरण्याची आणि कमावलेला पैसा त्या देशातून बाहेर काढण्याची ताकद केवळ सरकारी मालकीने येत नाही. किंबहुना काही बाबतींत तीच मालकी आड येते.

ओएनजीसी विदेश ही ओएनजीसीची शंभर टक्के मालकीची कंपनी. तिचा जन्म ५ मार्च १९६५ रोजी हायड्रोकार्बन्स इंडिया या नावाने झाला आणि इराणच्या आखातातील रुस्तम व रक्ष या क्षेत्रांत ओएनजीसीचा जो सहभाग होता, तो सांभाळणे हे तिचे काम होते. म्हणजे मुंबई हाय सापडण्याच्या नऊ वर्षे आधी ही कंपनी परदेशात होती. १९८९मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. खरा विस्तार मात्र २०००नंतरचा, आणि त्यामागचे बळ आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायचे आहे. १९७४मध्ये तिथे तेल लागले, १९७६मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढची कित्येक दशके त्या क्षेत्राने ओएनजीसीला जी रोकड मिळवून दिली, तिच्याच जोरावर साखालिन, सुदान आणि व्हेनेझुएलापर्यंत जाण्याची ऐपत आली. मुंबई हाय म्हातारे होत चालले आहे आणि तेवढ्या तोलामोलाचे दुसरे क्षेत्र देशात सापडलेले नाही, ही जाणीव बाहेर पडण्यामागे होती. ती जाणीव रास्तच होती.

आता तेल कुठे जाते ते पाहू. २००१मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडील साखालिन-१ प्रकल्पात ओएनजीसी विदेशने २० टक्के हिस्सा घेतला, तेव्हा ती भारताची परदेशातील तोवरची सर्वांत मोठी गुंतवणूक होती. रशियाच्या रोझनेफ्ट या सरकारी तेलकंपनीला आपल्या वाट्याचा खर्च झेपत नव्हता, म्हणून तो हिस्सा आपल्याला मिळाला. प्रकल्प चालवणारी कंपनी एक्सॉनमोबिलची होती. जपानी समूहाकडे ३० टक्के आणि एक्सॉनकडे ३० टक्के हिस्सा होता. २००५मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २००६च्या अखेरीस सोकोल जातीच्या तेलाची पहिली खेप दे-कास्त्री बंदरातून मंगळुरूच्या रिफायनरीत आली. त्या खेपेचे देशभर कौतुक झाले, आणि ते स्वाभाविक होते. पण नकाशा पाहिला तर लक्षात येते की दे-कास्त्री हे जपान आणि कोरियाच्या दाराशी आहे, तर मंगळुरूच्या दाराशी इराणचे आखात आहे. त्यामुळे सोकोलचा आपला वाटा बहुतेक वेळा निविदा काढून त्या भागातील ग्राहकाला विकणे आणि त्या पैशातून आखातातील तेल घेणे हेच शहाणपणाचे ठरते. कंपनी तसेच करत आली, आणि त्यात वावगे काही नाही.

वायूच्या बाबतीत तर एवढाही पर्याय नसतो. व्हिएतनामच्या समुद्रातील ०६.१ क्षेत्रासाठी १९८८मध्ये करार झाला. त्यात आपला हिस्सा ४५ टक्के. तिथला वायू नळाने किनाऱ्यावर जातो आणि व्हिएतनामच्याच वीजकेंद्रांत जळतो. म्यानमारच्या श्वे क्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या दोन भारतीय सरकारी कंपन्यांचे हिस्से आहेत. तो वायू बांगलादेशमार्गे भारतात आणण्याचा विचार बरीच वर्षे चालला, पण तिन्ही देशांचा मेळ बसला नाही आणि २०१३पासून तो वायू म्यानमारच्या किनाऱ्यावरील क्याउकप्यूहून नळाने चीनच्या युन्नान प्रांतात जातो. भारतीय करदात्यांच्या पैशातून काढलेल्या वायूवर चीनमधील कारखाने चालतात, असे कोणी म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरूनच आहे. तरीही त्या विक्रीचा पैसा आपल्याकडे येतो आणि तो हिस्सा घेणे चूक होते असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की अशा हिस्स्यांना ऊर्जासुरक्षा हे नाव देऊन ते लोकांसमोर ठेवू नयेत. ओएनजीसी विदेशचे तेल आणि वायू मिळून अलीकडचे वार्षिक उत्पादन साधारण एक कोटी टन तेलाइतके आहे, तर देशाची कच्च्या तेलाची आयात २३ कोटी टनांच्या आसपास. आकड्यांचे हे प्रमाण पाहिले तर आयातीवर याचा परिणाम का दिसत नाही, हे वेगळे सांगायला नको. या हिस्स्यांचा खरा उपयोग वेगळा आहे: जागतिक भाव चढले की देशाचे आयातबिल फुगते, त्याच वेळी परदेशातील हिस्स्यांचा नफाही वाढतो आणि झळ थोडी कमी होते. अर्थात नफा हाती आला तरच.

सुदानचे उदाहरण मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तिथल्या ग्रेटर नाईल प्रकल्पात चीनच्या सीएनपीसीचा ४० टक्के, मलेशियाच्या पेट्रोनासचा ३० टक्के, सुदानच्या सरकारी कंपनीचा ५ टक्के आणि कॅनडाच्या टॅलिस्मन या खासगी कंपनीचा २५ टक्के हिस्सा होता. दक्षिण सुदानमध्ये यादवी चालू होती, तेलक्षेत्रांच्या आसपासच्या गावांतून लोकांना हुसकावले जात होते आणि तेलाचा पैसा युद्धाला पुरतो आहे, असा आरोप मानवाधिकार संघटना आणि चर्च करत होते. टॅलिस्मनच्या भागधारकांवरचा दबाव इतका वाढला की चालता धंदा सोडून तिने काढता पाय घेतला. मार्च २००३मध्ये तो २५ टक्के हिस्सा सुमारे ७६ कोटी डॉलरना ओएनजीसी विदेशने घेतला. तेल आधीच वाहत होते, पोर्ट सुदानपर्यंतचा नळ १९९९मध्येच पूर्ण झाला होता आणि पुढे तेलाचे भाव चढत गेले. त्या काळात कंपनीच्या एकूण उत्पादनातला सर्वांत मोठा वाटा याच एका हिस्स्याचा होता. निव्वळ हिशेबाने पाहिले तर तो उत्तम सौदा होता.

पण सौदा स्वस्तात का मिळाला, हे विसरता येत नाही. पाश्चात्त्य खासगी कंपनी जिथून लोकलाजेस्तव निघते, तिथे उभरत्या देशांच्या सरकारी कंपन्या शिरतात, हा त्या काळातला ठराविक प्रकार होता. टॅलिस्मनला तिच्या भागधारकांपुढे उत्तर द्यावे लागले. ओएनजीसी विदेशची मालक ओएनजीसी आणि ओएनजीसीचा सर्वांत मोठा भागधारक भारत सरकार, म्हणजे आपण सगळे; आणि आपल्यापैकी कोणी सुदानमधल्या त्या गावांबद्दल विचारले नाही. संसदेत याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे मला मनापासून वाटते. जनतेच्या मालकीची कंपनी परदेशात काय करते, याची जबाबदारी जनतेपर्यंत पोहोचण्याची वाट खासगी कंपनीपेक्षा लांब आणि अंधुक असते, हा या मालकीप्रकारातला मोठा दोष आहे.

पुढे ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. बहुतेक तेल दक्षिणेला, नळ आणि बंदर उत्तरेला, अशी विभागणी झाली. नळभाड्यावरून दोन्ही देशांत तंटा पेटला आणि जानेवारी २०१२मध्ये दक्षिणेने उत्पादनच थांबवले. सुदान सरकारकडे तेलाचे आणि खार्टुम ते पोर्ट सुदान हा ७४१ किलोमीटरचा तेलनळ बांधून दिल्याचे पैसे थकले. नळ बांधून द्यायचा, पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे आणि त्या बदल्यात मैत्री पक्की करायची, असा तो व्यवहार होता. मैत्री राहिली, हप्ते थकले आणि कंपनीला लवादाची पायरी चढावी लागली.

चिनी कंपन्यांकडून झालेल्या पराभवांबद्दल लोक एका दमात बोलतात, पण ते वेगवेगळ्या कारणांनी झाले आहेत आणि ती कारणे वेगळी केल्याशिवाय धडा मिळत नाही.

२००४मध्ये अंगोलाच्या १८व्या क्षेत्रातील शेलचा ५० टक्के हिस्सा सुमारे ६२ कोटी डॉलरना घेण्याचे ओएनजीसी विदेशने ठरवले होते. शेल विकायला तयार होती. पण अशा क्षेत्रांच्या करारांत बहुधा एक कलम असते: भागीदाराने हिस्सा बाहेरच्याला विकायचा ठरवला, तर त्याच भावाने आणि त्याच अटींवर तो आधी घेण्याचा हक्क इतर भागीदारांना किंवा यजमान देशाच्या सरकारी कंपनीला असतो. त्यासाठी ठराविक मुदत असते आणि ती संपेपर्यंत बाहेरच्या ग्राहकाला हातावर हात ठेवून बसावे लागते. अंगोलाच्या सोनांगोलने हा हक्क बजावला आणि हिस्सा चीनच्या सायनोपेक या सरकारी कंपनीकडे गेला. त्याच सुमारास चीनने अंगोलाला दोन अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले होते. भारताने रेल्वेसाठी देऊ केलेली रक्कम २० कोटी डॉलर होती. म्हणजे तेलाच्या बोलीत आपण हरलो नव्हतो. हिस्स्याच्या भोवती जे कर्ज, रस्ते, रेल्वे आणि इमारतींचे गाठोडे बांधावे लागते, ते बांधण्याची ताकद आपल्या एक्झिम बँकेत आणि परराष्ट्र खात्यात नव्हती.

२००५मध्ये पेट्रोकझाकस्तानसाठी ओएनजीसी विदेश आणि मित्तल समूह एकत्र उतरले, सीएनपीसीने ४.१८ अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली. इथे भाव निर्णायक ठरला, पण एवढेच नाही. कझाकस्तान चीनला लागून आहे आणि त्या तेलाला चीनकडे जाणारा नळ तयार होत होता. तेच पिंप चीनला जितक्या मोलाचे होते, तितके ते आपल्याला असणे शक्यच नव्हते. अशा ठिकाणी हरणे हा पराभव मानू नये.

नायजेरियातील अक्पो क्षेत्राची गोष्ट मला जास्त बोचते. ४५ टक्के हिस्स्यासाठी सुमारे दोन अब्ज डॉलरची बोली लावून कंपनी जिंकली होती. डिसेंबर २००५मध्ये आपल्याच मंत्रिमंडळाने जोखमीचे कारण देऊन परवानगी नाकारली, आणि काही आठवड्यांत सीएनओओसी या चिनी सरकारी कंपनीने तोच हिस्सा २.२७ अब्ज डॉलरना घेतला. अक्पो नंतर उत्पादनात आले. मंत्रिमंडळाच्या शंका निराधार होत्या असे नाही, कारण विक्रेत्याच्या मालकीबद्दल खरोखर प्रश्न होते. पण त्या शंका बोली लावण्यापूर्वी मिटायला हव्या होत्या. जिंकल्यानंतर घरातूनच नकार येतो, असे एकदा बाजारात पसरले की पुढच्या विक्रेत्याच्या यादीत तुमचे नाव खाली सरकते.

कझाकस्तानमधील काशागन क्षेत्राच्या बाबतीत २०१२मध्ये तिथला हिस्सा विकणाऱ्या कोनोकोफिलिप्स या अमेरिकी कंपनीशी सुमारे पाच अब्ज डॉलरचा करार झाला, आणि २०१३मध्ये कझाक सरकारने प्रथम खरेदीचा हक्क बजावून तो हिस्सा स्वतः घेतला आणि पुढे सीएनपीसीला दिला. हीच तलवार दुसऱ्या बाजूनेही चालते, हे मात्र सांगितले पाहिजे. त्याच वर्षी ब्राझीलच्या बीसी-१० क्षेत्रातील पेट्रोब्रासचा ३५ टक्के हिस्सा चीनच्या सायनोकेमने विकत घ्यायचे ठरले होते. तिथे शेल आणि ओएनजीसी विदेश आधीपासून भागीदार होते. दोघांनी हक्क बजावला, सायनोकेम बाहेर राहिली आणि आपला वाटा १२ टक्क्यांनी वाढून २७ टक्के झाला. म्हणून एखाद्या चांगल्या क्षेत्रात लहानसा का होईना, पण जुना हिस्सा असणे किती मोलाचे असते, हे मी नेहमी आग्रहाने सांगतो.

दोन्ही देशांनी एकमेकांविरुद्ध भाव चढवत नेऊ नयेत, यासाठीही प्रयत्न झाले. पेट्रोलियम मंत्री असताना मणिशंकर अय्यर यांनी जानेवारी २००६मध्ये बीजिंगमध्ये सहकार्याचे करार केले. त्याआधीच सीएनपीसी आणि ओएनजीसी विदेशने मिळून सीरियातील एक हिस्सा घेतला होता आणि नंतर सायनोपेकबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत कोलंबियातील कंपनी घेतली, तिचे नाव मानसरोवर एनर्जी ठेवले गेले. कल्पना चांगली होती, पण मोठ्या सौद्यांपर्यंत ती पोहोचली नाही.

आता इम्पीरियल एनर्जी. ऑगस्ट २००८मध्ये लंडनच्या शेअरबाजारात नोंदलेल्या आणि पश्चिम सायबेरियातील तोम्स्क भागात क्षेत्रे असलेल्या या कंपनीसाठी ओएनजीसी विदेशने प्रति शेअर १,२५० पेन्स देऊ केले. एकूण किंमत सुमारे १.४ अब्ज पौंड. जुलैमध्ये कच्चे तेल पिंपाला १४५ डॉलरच्या वर गेले होते. रशियन सरकारची परवानगी मिळेपर्यंत महिने गेले आणि डिसेंबरमध्ये भाव ४० डॉलरच्या आसपास आला. ब्रिटनच्या नियमांनुसार एकदा पक्की बोली जाहीर केली, की भाव पडला या कारणाने मागे फिरता येत नाही. जानेवारी २००९मध्ये सुमारे २.१ अब्ज डॉलर मोजून सौदा पूर्ण झाला.

भाव पडणे हे दुर्दैव म्हणता येईल. त्यापुढचे दुर्दैव नव्हते. विकत घेताना दिवसाला ३५,००० पिंपांचे उत्पादन गृहीत धरले होते आणि प्रत्यक्षातले उत्पादन त्याच्या निम्म्यापर्यंतही गेले नाही, कारण तिथला खडक इतका घट्ट आहे की साध्या विहिरीतून तेल सहज वाहत नाही. अशा खडकाची लक्षणे विहिरींच्या चाचण्यांत दिसतात: झडप उघडल्यावर सुरुवातीचा प्रवाह जोरकस असतो, काही आठवड्यांतच दाब झपाट्याने उतरतो आणि विहीर बंद करून ठेवली तर दाब पुन्हा चढायला फार वेळ घेते. विक्रेता डेटा रूममध्ये, म्हणजे ग्राहकाला तपासायला ठेवलेल्या कागदपत्रांत, सुरुवातीचा प्रवाह ठळकपणे मांडतो. ग्राहकाच्या भूगर्भतज्ज्ञाने उतार पाहायचा असतो. कॅगने या खरेदीवर कडक ताशेरे ओढले आणि ते योग्यच होते.

मात्र कॅगच्या ताशेऱ्यांचा पुढचा परिणाम मला चिंतेचा वाटतो. सरकारी कंपनीत सौद्याचा निर्णय कसा होतो, ते पाहा. तांत्रिक गट साठ्यांचा अंदाज देतो, वित्त विभाग त्यावर भाव काढतो, बाहेरचे सल्लागार दुजोरा देतात, संचालक मंडळ मान्यता देते. रक्कम मंडळाच्या मर्यादेपलीकडची असेल, आणि ओएनजीसी विदेशच्या मंडळाची मर्यादा दीर्घकाळ ३०० कोटी रुपये होती, तर फाईल पेट्रोलियम मंत्रालयात, तिथून अधिकारप्राप्त सचिव समितीकडे आणि शेवटी आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समितीकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर शेरे येतात, प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यावे लागते. विक्रेत्याची मुदत दोन महिन्यांची असेल तर त्यातला बराच काळ यात जातो आणि भाव थोडा वर नेण्याची वेळ आली, तर परत सगळ्या पायऱ्या उतरून चढाव्या लागतात. समोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला आपली कमाल मर्यादा कधीकधी वर्तमानपत्रातूनच कळते.

यात एक विषमता आहे, आणि तिच्यातूनच आपल्या कंपन्यांचा स्वभाव घडला आहे. वाईट सौदा केलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतरही चौकशीला उत्तरे द्यावी लागतात. चांगला सौदा हातचा घालवणाऱ्याला कोणीही काही विचारत नाही. साहजिकच अधिकारी अशा वाटेकडे वळतात जिथे दोष वाटून घेता येतो: एखादी नामवंत कंपनी क्षेत्र चालवत असेल तिथे १० किंवा २० टक्के हिस्सा घ्यायचा. एक्सॉनचा अंदाज चुकला तर आपल्याला कोण दोष देणार? मी त्या अधिकाऱ्यांना नावे ठेवत नाही. त्यांच्या जागी बसलेला कोणीही हेच करील.

पण या सावधपणाची किंमत साखालिनमध्ये दिसली. एक्सॉनने तिथे किनाऱ्यावरून समुद्राखाली बारा किलोमीटरहून लांब विहिरी खोदल्या. जगात मोजक्याच कंपन्यांना हे जमते. वीस टक्क्यांचा मालक असूनही ते कौशल्य आपल्या हाती आले नाही, कारण जो क्षेत्र चालवतो त्याच्याकडेच ते साठते. बाकीच्या भागीदारांकडे महिन्याच्या महिन्याला खर्चाच्या वाट्याची मागणी येते आणि वर्षातून काही बैठकांत ते मत देतात. मार्च २०२२मध्ये युक्रेन युद्धानंतर एक्सॉनने बाहेर पडण्याचे जाहीर केले. दिवसाला सुमारे २,२०,००० पिंपांवर असलेले उत्पादन जुलैपर्यंत १०,००० पिंपांवर आले. आपला वीस टक्के हिस्सा कागदावर शाबूत होता, पण झडप उघडणारा हात आपला नव्हता. ऑक्टोबर २०२२मध्ये रशियाने प्रकल्पासाठी नवी कंपनी स्थापन केली, भारत आणि जपानचे हिस्से कायम राहिले आणि उत्पादन हळूहळू सावरले. हिस्सा टिकला तो दोन सरकारांमधील संबंधांमुळे, हे मान्य केले पाहिजे. सरकारी मालकीचा खरा फायदा कुठे होतो, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

पैसा मात्र अडकला. साखालिनखेरीज वान्कोर आणि तास-युर्याख या सायबेरियातील क्षेत्रांत भारतीय सरकारी कंपन्यांनी २०१६मध्ये मोठे हिस्से घेतले होते आणि त्यांचा लाभांश नियमित येत होता. निर्बंधांमुळे आंतरराष्ट्रीय बँकव्यवहार तुटल्यावर तो लाभांश रशियातील खात्यांत पडून राहिला. व्हेनेझुएलात हेच आधी घडले होते. २००८मध्ये सान क्रिस्तोबाल क्षेत्रात ४० टक्के हिस्सा घेतला, तेल निघाले, लाभांश जाहीर झाला आणि त्यातले ५० कोटी डॉलरहून अधिक थकले. आधी तिथल्या सरकारी कंपनीकडे पैसा नव्हता, मग अमेरिकी निर्बंध आले. नव्या खरेदीचा विचार करणाऱ्याला मी म्हणूनच साठ्यांच्या आधी एक प्रश्न विचारतो: वाद झाला आणि बँका बंद पडल्या, तर तुमचा वाटा जहाजात भरून नेण्याचा हक्क करारात आहे का? पैशाऐवजी तेल उचलण्याची तरतूद सही करताना मिळवावी लागते. थकबाकी साचल्यावर ती मागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

कायद्याचे कवच हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. सुदान, व्हेनेझुएला आणि ब्राझीलमधील हिस्से नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या ओएनजीसी नाईल गंगा या कंपनीमार्फत धरले गेले. करसवलत हे एक कारण, आणि नेदरलँड्सच्या गुंतवणूक-संरक्षण करारांचा आधार हे दुसरे. भारताने स्वतः मात्र २०१६मध्ये पन्नासहून अधिक देशांना असे करार संपवण्याची नोटीस दिली, कारण परदेशी कंपन्या आपल्याविरुद्ध लवादात जात होत्या. यजमान म्हणून आपली ती भूमिका समजण्यासारखी आहे. पण त्याच सरकारच्या कंपन्या बाहेर गुंतवणूकदार आहेत आणि त्यांना तेच संरक्षण हवे आहे, याची सांगड घालायचे काम कोणाकडेच सोपवलेले दिसत नाही.

सरकारी मालकीबद्दल परक्या देशाला वाटणारा संशयही लक्षात घ्यावा. २००५मध्ये सीएनओओसीने अमेरिकेच्या युनोकालसाठी १८.५ अब्ज डॉलर देऊ केले. अमेरिकी संसदेत गदारोळ झाला आणि शेव्हरॉनला ती कंपनी कमी किमतीत मिळाली. डिसेंबर २०१२मध्ये कॅनडाने आपली नेक्सन ही तेलकंपनी सीएनओओसीला घेऊ दिली, पण यापुढे तेलवाळूच्या क्षेत्रात परदेशी सरकारी कंपन्यांना नियंत्रण मिळणे अपवादात्मक राहील, असे त्याच वेळी बजावले. भारतानेही एप्रिल २०२०पासून शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली. शिवाय चीन जिंकला म्हणजे त्याने कमावले, असेही नाही. नेक्सनमध्ये मोठी रक्कम बुडीत दाखवावी लागली, सायनोपेकने ७.२ अब्ज डॉलरना घेतलेली अ‍ॅडॅक्स ही तेलकंपनी डोकेदुखी ठरली आणि व्हेनेझुएलाला दिलेल्या अब्जावधींच्या कर्जाची वसुली चिनी बँकांनाही जड गेली. अनुकरणच करायचे असेल तर मी पेट्रोनासकडे बोट दाखवीन: १९७४च्या कायद्याने देशातील सगळे तेल तिच्या ताब्यात दिले, ती थेट पंतप्रधानांना उत्तरदायी आहे आणि परदेशात क्षेत्र स्वतः चालवण्याची तयारी तिने लवकर केली.

मोझांबिकमध्ये आपली परीक्षा अजून चालू आहे. रोवुमा खोऱ्यातील वायूच्या पहिल्या क्षेत्रात भारत पेट्रोलियमचा जुना १० टक्के हिस्सा होता. २०१३-१४मध्ये ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाने व्हिडिओकॉन आणि अनाडार्को यांच्याकडून प्रत्येकी १० टक्के हिस्सा मिळून पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेला घेतला. तेलाचे भाव २०१४च्या उत्तरार्धात कोसळले. अंतिम गुंतवणूक निर्णय २०१९मध्ये झाला, आणि मार्च २०२१मध्ये पाल्मा गावावर दहशतवादी हल्ला झाल्यावर प्रकल्प चालवणाऱ्या फ्रान्सच्या टोटालने काम थांबवून करारातील अपरिहार्य आपत्तीचे कलम लागू केले. भांडवल गुंतून दहा वर्षे उलटली तरी वायू विकून एक रुपयाही आलेला नव्हता. त्या काळाचे व्याज धरले, तर खरेदीची किंमत कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त होते, आणि संसदेत हा आकडा व्याजासह मांडला जावा, अशी मागणी नागरिकांनी करायला हवी.

तरीही या सौद्यात एक गोष्ट आधीच्यांपेक्षा नीट झाली आहे. हिस्सा घेतलेल्या भारत पेट्रोलियमने त्याच प्रकल्पातून वर्षाला दहा लाख टन द्रवरूप वायू विकत घेण्याचा दीर्घ मुदतीचा स्वतंत्र करार केला. मोझांबिकचा किनारा आणि आपला पश्चिम किनारा यांच्यामध्ये फक्त समुद्र आहे, अडवणारा तिसरा देश नाही. म्यानमारमध्ये हेच राहून गेले होते: हिस्सा होता, पण वायू उचलण्याचा करार आणि तो आणण्याची वाट नव्हती.